बालीला जाताना डॉलर किती, रुपिया किती आणि आईच्या औषधांचे काय?

कोथरूडवासी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई, आठ रात्रींसाठी बालीला जाणार आहोत. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत आणि उबुद व सानूर येथील हॉटेलांचे पैसेही क्रेडिट कार्डाने आगाऊ भरले आहेत. राहिला प्रश्न तिथल्या रोजच्या खर्चाचा. चालकासह गाडी, जेवणखाण, देवळांची व इतर ठिकाणांची तिकिटे आणि थोडी खरेदी असा हिशेब केला, तर एक ते सव्वा लाख रुपये लागतील असे वाटते.

याबाबत मला तीन सल्ले मिळाले आणि तिन्हींची तोंडे तीन दिशांना आहेत. घराजवळच्या परकीय चलन विक्रेत्याचे म्हणणे असे की, इंडोनेशियाचे रुपिया इथूनच घेऊन जावे, म्हणजे तिथे शोधाशोध करावी लागणार नाही. तिकिटे काढून देणारे गृहस्थ सगळी रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डावर, भरण्याचा आग्रह करीत आहेत. कचेरीतला सहकारी म्हणतो की फक्त डॉलर न्यावेत आणि तिथे बदलून घ्यावेत. यांपैकी कोणाचे ऐकावे, हे जाणकारांनी कारणांसह सांगितले तर बरे होईल.

दुसरी काळजी आईची. तिचा हा पहिलाच परदेश प्रवास असून तिला मधुमेह व रक्तदाब दोन्ही आहेत आणि ती रोज रात्री इन्सुलिन घेते. विषुववृत्ताजवळच्या दमट हवेत तिला त्रास होऊ नये म्हणून कोणती तयारी करावी?

---

निवृत्त_रोखपाल:

मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे आधी इथल्या बाजूचे सांगतो; तिथल्या बाजूचे तिथे जाऊन आलेले सांगतील.

रुपिया इथून घेऊ नका. आपल्याकडे ज्या चलनाला रोज गिऱ्हाईक असते, म्हणजे डॉलर, युरो, पौंड, दिर्हम, त्यांचा खरेदी-विक्रीतला फरक मर्यादित राहतो. रुपियाच्या नोटा विक्रेत्याला दुसरीकडून मागवाव्या लागतात आणि न खपल्यास त्या गळ्यात पडण्याची भीती असते, म्हणून तो ती जोखीम तुमच्या दरात आधीच मिळवून ठेवतो. परत आल्यावर उरलेले रुपिया विकायला गेलात, तर हाच फरक दुसऱ्या बाजूने पुन्हा भरावा लागेल. डॉलर मात्र उरले तरी पुढच्या प्रवासाला उपयोगी पडतात; नोटांच्या रूपात २,००० डॉलरपर्यंतची रक्कम स्वतःजवळ ठेवता येते, त्यावरचे परत आल्यापासून १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावे लागते.

नोटांच्या रूपात एका व्यक्तीला एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळते आणि एलआरएस या परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या योजनेखालची वार्षिक मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. तुमची गरज या दोन्हींच्या जवळपासही जात नाही. पारपत्र, पॅन कार्ड आणि तिकीट सोबत न्या. ए-२ नावाचा अर्ज काउंटरवरच भरून घेतात. प्रवासाच्या तारखेआधी साठ दिवसांच्या आतच खरेदी करा. ५०,००० रुपयांच्या वरची खरेदी रोख रुपये देऊन करता येत नाही, तेव्हा आपल्या स्वतःच्या खात्यातून धनादेशाने अथवा ऑनलाइन पैसे द्या. पावती शेवटपर्यंत जपून ठेवा, कारण उरलेले डॉलर विकताना तीच मागतात.

आता दराविषयी, कारण लोक नेमके इथेच फसतात. दूरदर्शनवर किंवा गुगलवर जो दर दिसतो, तो बँकांच्या आपापसातल्या घाऊक व्यवहाराचा असतो आणि तो तुम्हाआम्हाला कोणीही देणार नाही. विक्रेत्याला 'आजचा दर काय' असे न विचारता 'एक हजार डॉलर नोटांत हवे आहेत, सर्व कर व आकार धरून माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील' असे विचारावे आणि तोच प्रश्न त्याच तासाभरात तिघांना विचारावा. समजा डॉलर ९० रुपयांना पडला, तर हजार डॉलरचे ९०,००० झाले. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे इथे १६२ रुपये. व्यवहार कितीही लहान असला तरी हा कर किमान ४५ रुपये असतो. म्हणजे कराचा बाऊ करण्याचे कारण नाही. दरात मात्र प्रत्येक डॉलरमागे एक रुपयाचा फरक पडला, तर तुमचे हजार रुपये गेले. 'आम्ही कमिशन घेत नाही' असे लिहिणारा ते दरातून घेतो, एवढे समजून असा. आणि विमानतळावरच्या काउंटरवर अडल्या हरीप्रमाणे जाण्याची वेळ येऊ देऊ नका.

टीसीएसची, म्हणजे चलन घेतानाच आगाऊ वसूल होणाऱ्या आयकराची, धास्ती पुष्कळांना असते. एप्रिल २०२५ पासून एलआरएसखाली एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत चलन घेतले, तर तो लागत नाही. टूर कंपनीचे संपूर्ण पॅकेज घेतले असते तर पहिल्या रुपयापासून लागला असता. तुम्ही सगळे सुटे ठरवले आहे, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही.

शेवटची गोष्ट नोटांच्या अवस्थेची. काउंटरवर नोटा घेताना शंभराच्या, कोऱ्या, घडी न पडलेल्या आणि शिक्का किंवा पेनाची खूण नसलेल्याच मागून घ्या. आपल्याकडे नोटेच्या कोपऱ्यात आकडा लिहिण्याची जी वाईट खोड आहे, तिची किंमत तिथे मोजावी लागते.

---

सातारी_भटकंती:

रोखपाल काकांनी नोटांच्या अवस्थेविषयी लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. माझ्या एका शंभराच्या नोटेवर निळ्या शाईचा ठिपका होता आणि सानूरमधल्या चांगल्या काउंटरनेही ती घेतली नाही. ती नोट आजही माझ्या कपाटात आहे. पन्नास, वीस अशा लहान नोटांना तिथे शंभराच्या नोटेपेक्षा कमी दर देतात, हेही ध्यानात ठेवा.

पण खरे सांगायचे आहे ते बालीतल्या कुटा या ठिकाणच्या बाजारातले. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी फिरताना एका फलकावर इतरांपेक्षा बराच चढा दर दिसला आणि मी आत शिरलो. पुढच्या भागात सारोंग आणि लाकडी मुखवटे विकायला टांगलेले, आणि मागच्या अंगाला एक उंच फळी टाकून पैसे बदलून देणारा मुलगा बसलेला. मी ३०० डॉलर दिले. त्या वेळच्या दराने त्याचे ४८ लाख रुपिया होत होते. त्याने एक लाखाच्या नोटा संपल्याचे सांगून सगळी रक्कम वीस हजाराच्या नोटांत काढली. म्हणजे २४० नोटा! पन्नास-पन्नासच्या चार गड्ड्या आणि चाळीसची पाचवी. त्याने मोजून दाखवल्या, मग मी मोजल्या, रक्कम अगदी बरोबर भरली. तेवढ्यात त्याने हसत हसत 'एकदा शेवटचे' म्हणून सगळ्या गड्ड्या परत आपल्या हातात घेतल्या, फळीच्या कडेवर दोनदा आपटून सारख्या केल्या, रबर लावले आणि माझ्या हातात दिल्या. ते आपटणे मला आजही डोळ्यांसमोर दिसते, कारण तेवढ्याच वेळात गड्डीच्या मागच्या नोटा फळीपलीकडे त्याच्या मांडीवर पडल्या. हॉटेलवर येऊन मोजले तर ४१ लाख. पस्तीस नोटा कमी होत्या. परत गेलो तेव्हा ती फळीही नव्हती आणि तो मुलगाही नव्हता.

तेव्हा नियम एकच: शेवटची मोजणी तुमच्या हातची असली पाहिजे, आणि त्यानंतर नोटांना दुसऱ्याचा हात लागला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तो कंटाळला तर आपले डॉलर उचलून बाहेर पडायचे. अधिकृत काउंटर बंदिस्त, स्वच्छ आणि संगणकीय पावती देणारे असतात. दारावर 'पीव्हीए बेरिझिन' असे लिहिलेली, बँक इंडोनेशियाच्या परवान्याची पाटी असते. त्यांचा दर गल्लीतल्या फलकापेक्षा थोडा कमी दिसतो. तो कमी दर निमूट घ्यावा.

---

कोथरूडवासी:

रोखपाल काका आणि सातारी_भटकंती, दोघांचेही मनापासून आभार. मुखवट्यांच्या दुकानाची हकीकत आईला वाचून दाखवली. तिने लगेच नोटा मोजण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. ती तीस वर्षे भिशी सांभाळते, त्यामुळे मला त्याबाबत काळजी नाही. आता फॉरेक्स कार्डाचा प्रश्न तेवढा राहिला. सगळीच रोकड जवळ बाळगणे मला धोक्याचे वाटते.

---

जकार्ता_निवासी:

मी गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त इंडोनेशियात आहे आणि देशावरून आलेल्या पाहुण्यांना बाली दाखवण्याचे काम दर वर्षी किमान दोनदा करतो, म्हणून कार्डांविषयी लिहितो.

आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डांवर साधारणपणे रुपिया भरता येत नाहीत. तुम्ही डॉलर भरता आणि इथे कार्ड रुपियात चालते, त्यामुळे चलन बदलण्याचा आकार पुन्हा एकदा लागतो. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. थायलंड किंवा सिंगापूरच्या प्रवासात त्या त्या देशाचे चलन भरून या कार्डाचा जो फायदा मिळतो, तो बालीत मिळत नाही. ज्याच्यावर परकीय व्यवहाराचा वेगळा आकार नाही असे एखादे क्रेडिट वा डेबिट कार्ड तुमच्याकडे असेल, तर ते मोठ्या उपाहारगृहांत आणि दुकानांत वापरा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातील वापर सुरू करून घ्या, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो. यंत्राने 'भारतीय रुपयांत की इंडोनेशियन रुपियात' असे विचारले, तर डोळे झाकून रुपिया निवडा. आपल्या ओळखीचा आकडा दाखवण्याच्या सोयीसाठी ते जो दर लावतात तो महागच असतो. दुकानात दिसणारा क्यूआर हा इथल्या स्वतःच्या व्यवस्थेचा असतो, तेव्हा यूपीआयच्या भरवशावर खिसा रिकामा ठेवू नका.

माझ्या मते तिघा प्रौढांमध्ये मिळून आठशे ते हजार डॉलर रोख आणा, ते दोघांच्या पिशव्यांत विभागून ठेवा, एका वेळी दोनशे-तीनशेच बदला आणि उरलेला खर्च कार्डाने करा. एटीएमचा आधार असू द्यावा, पण बँकेच्या शाखेतल्या किंवा मोठ्या दुकानातल्या यंत्रातूनच पैसे काढावेत. इथल्या काही यंत्रांत आधी नोटा बाहेर येतात आणि कार्ड नंतर. आपण नोटा घेऊन वळतो आणि कार्ड तिथेच राहते. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचे राहिले आहे.

सहकाऱ्याच्या सल्ल्यात एक उपकलम जोडायला हवे. डॉलर आणणे योग्य, पण ते दुकानात चालतील असे समजू नका. जुलै २०१५ पासून इंडोनेशियात देशांतर्गत व्यवहार रुपियातच करण्याचे बंधन आहे. त्यामुळे गाडीवाल्याला किंवा देवळाच्या तिकीटघरात रुपियाच द्यावे लागतील.

आकड्यांची सवय करून घ्या. 'रिबू' म्हणजे हजार आणि 'जुता' म्हणजे दहा लाख. आपण लाखांत विचार करतो आणि हे लोक लाख जाणतच नाहीत, म्हणून गोंधळ होतो: गाडीवाला 'दीड जुता' म्हणाला तर ते पंधरा लाख असतात, दीड लाख नव्हेत. मनातल्या मनात हिशेब करायचा तर शेवटची तीन शून्ये पुसा आणि उरलेल्या आकड्याला साडेपाचने गुणा. उपाहारगृहाच्या यादीत एखाद्या पदार्थापुढे नुसते ४५ लिहिले असेल, तर ते ४५,००० रुपिया, म्हणजे अडीचशे रुपयांच्या आत-बाहेर. दरांच्या खाली दोन अधिक चिन्हे असली तर कर व सेवा मिळून साधारण १५ ते २१ टक्के वर लागतील असे धरा. एक लाखाची नोट लाल आणि दहा हजाराची जांभळी असते, पण अंधारात घाईने देताना लोक शून्ये चुकतात; मुलीला रंग पाठ करायला सांगा, तिला मजा वाटेल आणि तुम्हाला उपयोग होईल.

पहिल्याच दिवसाचा खर्च वेगळा धरा. आगमनानंतरच्या व्हिसाचे प्रत्येकी पाच लाख रुपिया पडतात आणि लहान मुलांनाही सूट नाही, म्हणजे चौघांचे वीस लाख. त्याशिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचा पर्यटक कर प्रत्येकी दीड लाख आहे, त्याचे सहा लाख. एकूण २६ लाख, म्हणजे साधारण चौदा हजार रुपये. दोन्ही रकमा आधीच ऑनलाइन भरता येतात. व्हिसा इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावर आणि पर्यटक कर 'लव्ह बाली' या प्रांताच्या संकेतस्थळावर. आईंना रांगेत उभे राहावे लागू नये यासाठी तसेच करा. 'ऑल इंडोनेशिया' नावाचे आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि ते विनामूल्य आहे. त्याचे पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले, तर ते दलालाचे समजावे. चौघांचीही पारपत्रे प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध आहेत ना, हे आजच पाहा. मुलांच्या पारपत्राची मुदत पाचच वर्षांची असते आणि ती विसरली जाते.

इतर कोणी मार्चमधला बेत आखत असेल तर त्यांच्यासाठी: बालीचे नववर्ष 'न्येपी' गुढीपाडव्याच्या आसपासच येते. २०२६ मध्ये तर दोन्ही १९ मार्चलाच होते, आणि तिथला शकही आपल्यासारखाच १९४८. त्या दिवशी पूर्ण चोवीस तास विमानतळ बंद असतो आणि हॉटेलाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

---

डॉक्टर_मिरजकर:

आईंविषयी लिहिते. मी मधुमेहाचे रुग्ण रोज पाहते आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना घेऊन उबुदला राहून आले आहे.

पुण्याच्या मे महिन्यापेक्षा तिथला पारा कमी असतो, तीस-एकतीसच्या घरात. तरीही जास्त थकवा येतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. कोकणात उन्हाळ्यात जे होते तेच. बाहेर फिरणे सकाळी दहाच्या आत आणि चारच्या पुढे ठेवा, दुपारी आईंना खोलीत पडू द्या. पाणी तहान लागण्यापूर्वी प्यायला लावा. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल, तर घाम आणि ती गोळी मिळून चक्कर येऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवून मात्रा बदलायची का ते विचारा. ढगाळ दिवशीही तिथले ऊन भाजते. मुलीला दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर सनस्क्रीन पुन्हा लावावे लागेल.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच न्या, सामानात टाकू नका. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. औषधे मूळ वेष्टनात, प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ठेवा. तिथले अमली पदार्थांविषयीचे कायदे अतिशय कडक आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांनी दिलेल्या कोडीनच्या खोकल्याच्या बाटल्या किंवा झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय बरोबर नेऊ नका. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे: इथे रात्री नऊला इन्सुलिन घेत असतील, तर तिथे ते साडेअकरा होतात. वेळ कशी सरकवायची हे आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा.

मधुमेहींच्या पायांकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. देवळांतली तापलेली फरशी, समुद्रकाठची वाळू, पाण्यातले पोवळ्याचे तुकडे. तळव्यांची संवेदना कमी झालेली असेल तर भाजलेले किंवा कापलेलेही कळत नाही. माझ्या सासूबाईंना पायाला फोड आल्याचे रात्री पाय पुसताना कळले. आईंना पाण्यातही घालता येतील असे बंद बूट घ्या आणि रोज रात्री दोन्ही तळवे तुम्ही स्वतः पाहा.

नळाचे पाणी पिऊ नका, दातही बाटलीच्या पाण्याने घासा. डेंग्यू तिथे वर्षभर असतो आणि त्याचा डास दिवसा चावतो, तेव्हा डास पळवण्याचे मलम सकाळीच लावा. उबुदच्या माकडवनात जाणारच असाल तर खाऊ, चष्मा, झुमके आत ठेवा. बालीत २००८ पासून रेबीज आहे. माकड किंवा कुत्रे चावले अथवा नुसते ओरखडले, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठा, घरी परतण्याची वाट पाहू नका.

प्रवासविमा घेताना आईंचा मधुमेह आणि रक्तदाब दडवू नका. हप्ता वाढेल म्हणून लपवलेला आजार हाच दावा फेटाळण्याचे पहिले कारण ठरतो. पूर्वीच्या आजारांना संरक्षण आहे का, हे लेखी घ्या. आजूबाजूचे ज्वालामुखी राख ओकू लागले की बालीची विमाने रद्द होतात, जुलै २०२५ मध्येही झाली होती. त्या वाढीव मुक्कामाचा खर्च विम्यात येतो का, तेही त्याच बैठकीत विचारा.

---

कोथरूडवासी:

सर्वांचे आभार. आज तिघा विक्रेत्यांना रोखपाल काकांच्या शब्दांत प्रश्न विचारला आणि हजार डॉलरमागे सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग यांत साडेअकराशे रुपयांचा फरक निघाला. घराजवळचा विक्रेता सर्वांत महाग होता. नऊशे डॉलर घेतले, तीनशे माझ्या, तीनशे पत्नीच्या आणि तीनशे आईच्या नावावर. आईने काउंटरवरच चष्मा लावून एकेक नोट उजेडात धरली आणि कोपऱ्यात पेनाने सात लिहिलेली एक नोट परत केली. काउंटरवरच्या मुलाने 'चालते हो आजी' म्हणून पाहिले, पण तिने हात मागे घेतला नाही. शेवटी त्याने आतून दुसरी आणून दिली. डॉक्टरताई, बुटांचे माप घ्यायला उद्या तिला घेऊन जात आहे.